नागम्माच्या पायाचा विषय

बोलायची सुरुवात सगळ्यांत धाकट्या हुद्द्याच्या माणसानं करायची, असा लवाटेबाईंचा नियम होता.

दिवाळीनंतर त्या पुण्याहून आल्या. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, विहिरींना पाणी होतं, आणि सोलापुरात लोक पुन्हा पोटभर जेवायला लागले होते. त्यामुळं असेल किंवा आधीपासूनच असेल, पण धर्मादाय दवाखान्यात मधुमेहाचे रोगी वाढले होते. त्यांच्यासाठी दर गुरुवार वेगळा ठेवला होता. डॉक्टर गिरिजाबाई लवाटे यांचं संशोधन त्याच गुरुवारावर होतं. डॉक्टर, नर्स, कंपाउंडर, आया या सगळ्यांना एकजुटीनं काम करायला शिकवायचं, आणि तसं शिकवल्यानं रोग्यांची साखर ताब्यात राहते का, हे दोन वर्षं मोजत राहायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलखुर्च्या व्हरांड्यात काढायला लावल्या आणि सगळ्यांना सतरंजीवर गोल बसवलं. डॉक्टर विरुपाक्ष हिरेमठ पँटची इस्त्री सांभाळत मांडी घालायला लागले, तेव्हा कंपाउंडर रामहरीनं तोंडाला रुमाल लावला. रामहरीच्या शेजारी सिस्टर वच्छला बसली. आणि दाराशी, अर्धी सतरंजीवर अर्धी फरशीवर, झाडलोट आणि मलमपट्टी दोन्ही बघणारी दगडाबाई.

"दगडाबाई, तुमच्यापासून," लवाटेबाई म्हणाल्या. "या दवाखान्यात काय बदलायला हवं?"

दगडाबाईनं डॉक्टरांकडं बघितलं, मग जमिनीकडं. "च्या टाकू का समद्यांना?"

सगळे हसले. लवाटेबाई हसल्या नाहीत. त्या नुसत्या थांबून राहिल्या. इतक्या थांबल्या की दगडाबाईला बोलणं भागच पडलं. "रोगी मुताच्या बाटल्या माज्या स्टोपाशी ठिवत्यात," ती म्हणाली. "त्याच्यावर मी तुमचा च्या करती. तेवढं बगा."

दुसऱ्या दिवशी बाटल्यांसाठी खिडकीखाली वेगळी फळी ठोकली गेली. ती फळी बघून वच्छलाच्या मनात काहीतरी हललं. नोकरीला लागल्यापासून ती फक्त 'हो साहेब' म्हणत आली होती. इथं कोणी विचारतंय, आणि विचारलेलं होतंयसुद्धा! घरी जाऊन तिनं सहा महिन्यांच्या लेकीला पाजता पाजता ही हकीकत सांगितली, कारण नवरा एस.टी.त कंडक्टर, त्या रात्री करमाळ्याला मुक्कामी होता. लेक दूध पिता पिता तिच्याकडं टक लावून बघत राहिली. ऐकून घेण्यात तीही लवाटेबाईंना हार जाणारी नव्हती.

आठवडाभर शिकवणी चालली. नाटकं झाली. रामहरी डॉक्टर झाला आणि खऱ्या डॉक्टरांना पेशंट करून त्यानं असं झापलं की त्याच्या स्वतःच्याच कपाळाला घाम फुटला. "गूळ खाल्लास? कुणाला विचारून खाल्लास? ऊठ, चालायला लाग!" हे हुबेहूब हिरेमठ डॉक्टरांचंच बोलणं होतं. डॉक्टर तसे रागीटच. ओरडायचे, टेबलावर हात आपटायचे, मग तणतणत उठून रोग्याला तपासायला स्वतः व्हरांड्यात जायचे. त्यांचा आवाज साखर पेठेपर्यंत जातो, आणि तिथल्या बायका नुसत्या आवाजानंच साखर सोडतात, असं रामहरी म्हणायचा.

लवाटेबाईंनी डॉक्टरांना मन लावून शिकवलं. समोरचा बोलला की आधी त्याचंच बोलणं त्याला परत सांगायचं, म्हणजे त्याला कळतं की आपलं ऐकलं गेलं. मग धन्यवाद द्यायचे. मग आपलं मत सांगायचं. जे लगेच सुटणार नाही ते फळ्यावर विषय म्हणून लिहायचं आणि पुढच्या गुरुवारी घ्यायचं. डॉक्टर हुशार माणूस. सगळं शिकले. महिन्याभरात त्यांचा आवाज असा मऊ झाला की रोगी विचारायला लागले, साहेबांची तब्येत बरी हाय न्हवं?

काम मात्र खरंच सुधारलं. हे वच्छला नंतरही कधी नाकारू शकली नाही. बेनेडिक्टचं निळं पाणी काचेच्या नळीत घालून, त्यात लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर असली तर नळी हिरवी होते, पिवळी होते, फारच असली तर विटेसारखी लाल. ही तपासणी आता रोग्याच्या डोळ्यांसमोर व्हायची. लोक नळीकडं असं बघत राहायचे जसं तव्यावरच्या भाकरीकडं बघतात. निळी राहिली की हसायचे. आणि सगळ्यांत निळी नळी असायची ती नागम्माची.

नागम्मा वच्छलाच्या भिंतीपलीकडची. बाळीवेशीतल्या त्या चाळीत तिचं आणि सोमलिंगमामांचं तीस वर्षांचं बिऱ्हाड होतं. मूलबाळ नव्हतं. माहेर अक्कलकोटच्या खाली, त्यामुळं तिच्या मराठीला कानडीचं ठिगळ लागलेलं असायचं. बाळंतपणानंतर वच्छला कामावर रुजू व्हायची वेळ आली, तेव्हा नागम्मानं कोणी विचारायच्या आधीच बाळीला उचललं होतं. "तू जा गं यव्वा. हिला मी बघते. तुझ्या दवाखान्यात का माझ्यापेक्षा म्हातारी मिळणार हाय?"

तिचा आजार वच्छलानंच ओळखला होता. मोरीत मुंग्या लागायच्या आणि नागम्मा माठ रिकामा करायची. मग तिला गुरुवारी नेलं. त्यानंतर तिनं भात सोडला, गूळ सोडला, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर राहिली. गोळी कधी चुकवली नाही. पुण्याचे पाहुणे आले की डॉक्टर तिला पुढं करायचे. लवाटेबाईंनी तिचा नळीसकट फोटो काढला होता.

संक्रांतीला नागम्मा सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर जत्रेला गेली. नंदीध्वज बघून, चेंगराचेंगरीतून बाळीला खांद्यावर घेऊन ती घरी आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"अव्वा, दुसरी कुठं गेली?" वच्छलानं विचारलं.

नागम्मानं खाली बघितलं. "शिवा! कुणाच्या पायाखाली गेली की काय की." आणि हसत सुटली. "बघ गं, मला कळलंबी न्हाय. देवाच्या नादात होते."

वच्छलाही हसली. ताटात शेंगापोळ्या होत्या, नागम्मासाठी नुसते तीळ. ते तीळ देण्याआधी वच्छला पाया पडायला वाकली. जेऊरला तिच्या आईनं तिला पाया पडायला शिकवलं होतं ते दोन्ही हातांनी पावलं नीट धरून. नुसतं बोटं लावणं म्हणजे कामचुकारपणा, असं आई म्हणायची. तिनं दोन्ही पावलं धरली आणि आशीर्वादासाठी थांबली.

आशीर्वाद आला नाही. वर नागम्मा बाळीशी बोलत होती. बाळीच्या नाकाला नाक घासत होती. वच्छलानं पावलं आणखी घट्ट धरली. डाव्या पायाच्या अंगठ्याजवळच्या बोटात चांदीचं जाड जोडवं होतं, त्याच्याखाली हळदीची चिंधी गुंडाळलेली होती, आणि चिंधीभोवती बोट गरम लागत होतं. तिनं नखानं हळूच पावलाची कड खाजवली. नागम्मा बाळीला काऊचिऊ सांगत राहिली.

मग खाली नजर गेली आणि ती दचकलीच. "अगं बाई! तू कवा वाकलीस? ऊठ, ऊठ, शंभर वर्षं जग."

वच्छला उठली. ताटातले तीळ नागम्माला द्यायचे राहूनच गेले.

*

गुरुवारी तिनं विषय काढला. आधी दगडाबाईनं स्टोव्हची वात बदलायला सांगितली, मग रामहरीनं नळ्या फुटण्याबद्दल सांगितलं, मग तिची पाळी आली.

"नागम्माच्या पायांना लागलेलं कळत नाही," ती म्हणाली. "मी हात लावला, तिला समजलं नाही. चप्पल गेलेली समजली नाही. आणि जोडव्याखाली जखम आहे."

हिरेमठ डॉक्टर पुढं झुकले. अगदी शिकवल्यासारखं तिच्या डोळ्यांत बघितलं. "म्हणजे सिस्टर, तुमचं म्हणणं असं, की नागम्माच्या पायाबद्दल तुम्हाला काळजी वाटते."

"हो."

"आणि तो पाय बघायला हवा."

"हो साहेब, आजच."

"मोकळेपणानं सांगितल्याबद्दल धन्यवाद," डॉक्टर म्हणाले. रामहरीनंही मान हलवली, "सिस्टर चांगलं बोलल्या," म्हणाला. दगडाबाईनंही मान हलवली. वच्छलाला क्षणभर बरंच वाटलं.

मग डॉक्टरांनी आपलं मत सांगितलं. नागम्माची नळी तीन महिने निळी आहे. पाय बिघडतो तो साखरेनं. साखरच नाही तर पाय कशानं बिघडेल? जोडवं घासलं असेल. शिवाय पाय बघणं या अभ्यासात धरलेलं नाही. मधेच एकीचे पाय बघायचे, दुसऱ्याचे नाही, तर मोजमापाला काय अर्थ राहिला? लवाटेबाईंना पुण्याला पत्र टाकून विचारू. "तोवर हा विषय फळ्यावर ठेवू. चालेल ना सर्वांना?"

सर्वांना चाललं. रामहरीनं वळणदार अक्षरात लिहिलं: नागम्माच्या पायाचा विषय.

बैठक संपल्यावर वच्छला डॉक्टरांच्या मागं व्हरांड्यात गेली. "साहेब, अभ्यास राहू द्या बाजूला. नुसतं एकदा बघा. ती बाकावर बसलीय."

डॉक्टर थांबले. बाकाजवळ गेलेही. नागम्मा लगबगीनं उठली आणि नेहमीसारखी त्यांच्या पायाशी वाकली, कारण डॉक्टर जंगमाच्या, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंच्या घरातले होते. त्यांचे आजोबा मैंदर्गीकडच्या मठात होते, आणि नागम्माच्या लेखी नळी उकळणारा हा तरुण आधी स्वामी होता, मग डॉक्टर.

"नागम्मा, पायाला काय झालंय?"

तिनं पाय लुगड्यात ओढून घेतला. "काय न्हाय स्वामी. तुमी माज्या पायाकडं बघायचं? पाप लागंल की मला."

डॉक्टरांचे कान लाल झाले. हे सगळं त्यांना आवडायचं नाही; शिकलेल्या माणसाला कसलं स्वामीपण, असं ते म्हणायचे. पण त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते वच्छलानं बघितलं. सुटल्यासारखं वाटलं होतं त्यांना. "दुखतंय का?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"दुखत न्हाय बगा. तिळभर न्हाय."

"दुखत नाही म्हणते, सिस्टर," डॉक्टर म्हणाले, आणि आत गेले.

दुखत नाही तीच तर गोष्ट आहे, हे वच्छलाच्या ओठांवर आलं. पण तोवर दाराचा पडदा हलून थांबला होता.

*

घरी तिनं एकटीनं लढून बघितलं. साबण लावला, गोडं तेल लावलं, दोरा गुंडाळून बघितला. जोडवं सुजलेल्या बोटात रुतलं होतं, जागचं हलेना. "सोनाराकडं जाऊ अव्वा. कापून काढू. बोट बरं झालं की नवीन घाल."

"ब्याडा, ब्याडा! नको गं!" नागम्मानं दोन्ही हात जोडले. "मालक जित्ते असताना जोडवं कापायचं? माझ्या लग्नातलं हाय ते. तीस वर्षं उतरलं न्हाय."

वच्छलानं सोमलिंगमामांकडं मोर्चा वळवला. मामा चाटी गल्लीतल्या कापडदुकानात कापड मापून मापून म्हातारे झालेले. आता खाटेवर बसून बाळीला चिंध्यांच्या बाहुल्या करून द्यायचे. "मामा, तुम्ही सांगा की तिला."

"मी?" मामांनी बाहुलीच्या गळ्याला दोरा बांधला. "मी सांगितलं तर म्हणंल, तुमाला मरायची लई घाई झाली वाटतं. तुज्या डाक्टरला सांग. स्वामींनी सांगितलं तर विहिरीत उडी घेईल ती."

म्हणजे पुन्हा डॉक्टरच. सगळ्या वाटा त्या सतरंजीवर जात होत्या, आणि सतरंजीवर काहीच होत नव्हतं.

दुसऱ्या गुरुवारी लवाटेबाईंचं उत्तर आलेलं नव्हतं. "सिस्टर, तुमची घालमेल मला समजते," डॉक्टर म्हणाले. खरंच समजत असावी, त्यांचा आवाज तसाच होता. वच्छलाला त्या मऊ आवाजात हात घालावासा वाटला आणि हाताला काहीच लागेना. भिंत असती तर डोकं तरी आपटता आलं असतं. विषय फळ्यावर राहिला. फक्त त्याच्या वर आणखी दोन विषय आले, कारण शेगडीचा कोळसा संपला होता आणि फळीला वाळवी लागली होती.

रोज सकाळी ती नागम्माची चिंधी बदलायची. बोरिकच्या पाण्यानं धुवायची. रोज वाटायचं, आज जरा बरं आहे. आणि रोज बोट थोडं जास्त काळं असायचं. नागम्मा मात्र खुशीत. एका हातानं बाळीला झुलवत म्हणायची, "तू उगंच जीव जाळतीस गं. बघ, चालते की मी."

तिसऱ्या गुरुवारी सकाळी बाळी रांगत रांगत नागम्माच्या पायाशी गेली, चिंधीला हात घातला, आणि नाक मुरडून रडायला लागली. वच्छला तिला उचलायला वाकली, तेव्हा तो वास तिच्याही नाकात शिरला. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात शिकत असताना तिनं तो घेतला होता. एकदा घेतला की माणूस विसरत नाही.

तिनं बाळीला शेजारणीकडं दिलं, नागम्माला आणि मामांना टांग्यात बसवलं आणि दवाखान्यात आणलं.

बैठक सुरू झाली होती. दगडाबाई कोळशाबद्दल बोलत होती.

"नागम्माचा पाय सडलाय," वच्छला उभ्यानंच म्हणाली.

"सिस्टर, बसा ना," डॉक्टर म्हणाले. "दगडाबाईंचं होऊ दे, मग तुमचं घेऊ."

"माझं होऊंदे म्हागनं," दगडाबाई पुटपुटली. "कोळसा कुटं पळून चाललाय?"

"नाही, नियम तो नियम. बरं, सिस्टर. तुमचं म्हणणं असं, की..."

"माझं म्हणणं तुम्हाला कळलंय!"

आपला आवाज इतका मोठा असेल हे तिला माहीत नव्हतं. रामहरीच्या हातातला खडू खाली पडला.

"दोन आठवडे झाले कळलंय. तुम्ही माझं म्हणणं मलाच सांगता, धन्यवाद देता, फळ्यावर लिहिता. मला धन्यवाद नकोत साहेब. तुम्ही उठा. आधी तुम्ही ओरडत होता, पण निदान उठत तरी होता!"

नर्सनं डॉक्टरला असं बोललेलं त्या दवाखान्याच्या भिंतींनी ऐकलेलं नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग काळाठिक्कर.

"तोंड सांभाळून बोला, सिस्टर!" ते गरजले. व्हरांड्यातली कुजबुज थांबली. "कुणाशी बोलताय तुम्ही? नोकरी करायचीय की नाही?" आणि तसेच तणतणत, पँट झाडत, ते उठले आणि पडदा बाजूला सारून बाहेर गेले.

नोकरी गेली, एवढंच वच्छलाच्या डोक्यात होतं. ती मागोमाग बाहेर आली.

डॉक्टर बाकासमोर उभे होते. नागम्मा नेहमीसारखी वाकायला लागली, तसे ते मटकन खाली फरशीवरच बसले. ते बघून नागम्मा घाबरली. स्वामी खाली आणि आपण वर, हे कसं चालायचं? तीही धडपडत खाली उतरली. समोरासमोर बसली दोघं. रोग्यांनी गर्दी केली.

डॉक्टर कानडीत बोलायला लागले. दवाखान्यात ते कधी कानडी बोलत नसत.

"नागम्मा, दारात जंगम भिक्षेला आला तर काय करतीस?"

"झोळीत घालते की, स्वामी."

"काय घालतीस?"

"असंल ते. ज्वारी, पीठ. काय नसलं तर मीठ."

"रिकामा पाठवतीस कधी?"

"शिव शिव! रिकामं कसं पाठवंल?"

डॉक्टरांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि दोन्ही हातांवर पसरून पुढं धरला. आयुष्यात त्यांनी ही भिक्षा कधी मागितली नव्हती. आजोबांच्या झोळीची त्यांना शाळेत लाज वाटायची, हे त्यांनीच एकदा रामहरीला सांगितलं होतं. "मग मला घाल."

"काय घालू, स्वामी?" नागम्माचा आवाज बारीक झाला.

"पायातलं जोडवं."

नागम्मानं नवऱ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते. सोमलिंगमामा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"घाल गं झोळीत," ते म्हणाले. "मी हितंच उभा हाय की, जित्ता. समद्यांनी बगा."

कोणीतरी हसलं. मग नागम्माही, रडता रडता. तिनं डोळे गच्च मिटले आणि पाय पुढं केला.

रामहरी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या सोनाराला कातरीसकट घेऊन आला. डॉक्टरांनी तो पाय आपल्या मांडीवर घेतला. कातरीचं टोक एकदा मांसात गेलं. नागम्माला कळलंही नाही. ती डोळे मिटून होती ते दुखतंय म्हणून नव्हे. स्वामींच्या मांडीवर आपला पाय आहे, हे तिला बघवत नव्हतं.

चांदी तुटली. डॉक्टरांनी ती रुमालावर ठेवली. मग चिंधी सोडली आणि खाली बघितलं, आणि बघतच राहिले. बोट मुळापर्यंत काळं होतं. शेजारच्या बोटाच्या खाचेत पांढरं हाड दिसत होतं.

डॉक्टर ओरडेनात, विचारेनात. त्यांनी ओरडावं असं वच्छलाला वाटत होतं. तिच्यावर, स्वतःवर, कुणावरही. शेवटी ते म्हणाले, "टांगा आहे ना बाहेर? सिव्हिलला जायचं. मी येतो बरोबर."

*

दोन बोटं काढावी लागली. पाऊल वाचलं. सिव्हिलच्या सर्जननं सांगितलं, आठवडाभर आधी आणली असती तर एकावर भागलं असतं. आणखी आठवड्यानं आणली असती तर गुडघ्याखालून पाय गेला असता. हे ऐकून आनंद मानायचा की काय करायचं, ते वच्छलाला ठरवता येईना.

भेटीच्या वेळी ती बाळीला घेऊन गेली. नागम्मानं पलंगावरून हात पसरले. बाळी तिच्या कुशीत शिरली आणि मंगळसूत्राशी खेळायला लागली.

"मी पहिल्याच गुरुवारी ओरडायला हवं होतं, अव्वा," वच्छला म्हणाली. "दोन आठवडे मी बसून राहिले."

"पयल्या गुरुवारी वरडली असतीस तर दिला असता का मी पाय?" नागम्मा म्हणाली. "न्हाय. मला ठावं हाय की."

"तुला काय ठाऊक? तेव्हा डॉक्टरांनी मागितला असता तर..."

"मागितला न्हाय त्यांनी. मी दिला न्हाय. तू वरडली न्हाईस. झालं." तिनं बाळीची मूठ सोडवून मंगळसूत्र बाजूला केलं. "आता हिला भूक लागलीय. पाज जा."

वच्छलाचं समाधान झालं नाही. तिला कोणीतरी रागवायला हवं होतं, किंवा तिला कुणावर तरी रागावता यायला हवं होतं. नोकरी गेली नव्हती. डॉक्टर त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. फक्त रोज संध्याकाळी सिव्हिलला जाऊन नागम्माची पट्टी बघून यायचे. त्यांच्याशी भांडायला जावं तर ते आधीच मान खाली घालून उभे.

फेब्रुवारी संपता संपता लवाटेबाई आल्या. सतरंजीवर कागद पसरून बसल्या. चष्मा पुसून पुन्हा लावला. "निकाल फार चांगला दिसतोय," त्या म्हणाल्या. "आपण पाहतोय त्या सगळ्या दवाखान्यांत तुमची टीम उत्तम आहे. बैठक एकदाही चुकली नाही. नळ्या सुधारल्यात." मग जरा थांबून, "नागम्माबाई महिनाभर आल्या नाहीत, त्यामुळं त्यांना हिशेबातून काढावं लागेल. वाईट वाटतं. त्या आपल्या सगळ्यांत चांगल्या रोगी होत्या."

"त्यांची दोन बोटं गेली," वच्छला म्हणाली.

"हो. तुमचं पत्र मला उशिरा मिळालं, मी दौऱ्यावर होते." लवाटेबाईंचा आवाज खरोखर खालावला. त्या वाईट नव्हत्या. थकलेल्या दिसत होत्या. "पायांची तपासणी आपण दुसऱ्या टप्प्यात घेऊ. मी मंजुरीसाठी लिहिते. पण आत्ता मधेच सुरू केलं तर आधीचं मोजमाप वाया जाईल, आणि मग हे काम दुसऱ्या गावांत न्यायला कोणी पैसेच देणार नाही. माझी अडचण समजतेय ना?"

समजत होती. हेच तर अवघड होतं. प्रत्येकाची अडचण समजत होती. वच्छलानं दगडाबाईकडं बघितलं, रामहरीकडं बघितलं. दोघंही पसरलेल्या कागदांकडं बघत होते.

"दुसरा टप्पा कधी?" हिरेमठ डॉक्टरांनी विचारलं.

"मंजुरी आली तर पुढच्या वर्षी."

डॉक्टर उठले. "मी बाहेर आहे," म्हणाले. पडदा सरकला. वच्छलाही उठली, लवाटेबाईंना नमस्कार करायचा राहिला हे तिला बाहेर आल्यावर आठवलं, पण ती मागं वळली नाही.

व्हरांड्यात बाकावर दहा-बारा रोगी बाटल्या धरून बसले होते. डॉक्टर पहिल्याच माणसासमोर फरशीवर बसले होते. बसवराज नावाचा हमाल होता तो, भुसार गल्लीत पोती वाहणारा, पायात टायरच्या जाड चपला. त्याची नळीही बहुतेक वेळा निळी.

"साहेब, माझं काय दुखत न्हाय," तो ओशाळून हसला.

"काढ चप्पल."

त्यानं काढली. टाचेच्या भेगेत काहीतरी काळं, गुळगुळीत रुतून बसलं होतं. डॉक्टरांनी चिमट्यानं ते ओढलं. चिंचोका निघाला, आणि त्याच्यामागून पू.

"आयला!" बसवराज पुढं वाकून बघायला लागला. "हे कवा शिरलं?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की आत सतरंजीवरच्या कागदांची सळसळ थांबली असेल. "गरम पाणी आणा! बोरिक आणा! आणि तू, अनवाणी फिरतोस कुठं चिंचेखाली?"

दगडाबाई स्टोव्हकडं धावली. वच्छला पदर खोचून दुसऱ्या रोग्यासमोर बसली. म्हातारी होती, जेऊरकडचीच, पाय बाकाखाली लपवून बसलेली. वच्छलाचे डोळे भरून आले होते आणि तिला त्याचा फार राग येत होता.

"पाय पुढं घ्या, आजी," ती म्हणाली, गरज होती त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात.